मुशीत उतरलेली माणसे : ‘द क्रुसिबल’ नाटकाचा अभ्यास

शास्त्रवाचन : निर्गम २०:१४-१६, अनुवाद १९:१५-२०, नीतिसूत्रे १७:३, १ योहान १:८-१०

सोनाराची मूस आपल्याला ठाऊक आहे. प्रखर आचेत टिकणाऱ्या त्या लहानशा भांड्यात धातू वितळतो, मळ वर येतो आणि शुद्ध काय आहे ते खाली उरते. नीतिसूत्रांच्या लेखकाने अंतःकरणाच्या पारखेविषयी बोलताना याच मुशीची आठवण दिली आहे. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर (१९१५–२००५) यांनी आपल्या एका नाटकाला हेच नाव दिले : ‘द क्रुसिबल’, म्हणजे ‘मूस’. २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्क येथे ते प्रथम रंगभूमीवर आले. आज ते अमेरिकेतील अभिजात नाटकांत गणले जाते आणि अनेक देशांतील विद्यार्थी ते अभ्यासतात.

ख्रिस्ती वाचकाला हे नाटक सुखावणारे नाही. यात निरपराध माणसांना फासावर चढविणारे लोक प्रार्थना करणारे आहेत, शब्बाथ पाळणारे आहेत, पवित्र शास्त्र जाणणारे आहेत. मिलर हे यहुदी कुटुंबात जन्मले होते, तेव्हा ‘बाहेरच्या माणसाने केलेली टीका’ म्हणून हे नाटक बाजूला ठेवणे सोपे आहे. परंतु तसे केल्याने आपलेच नुकसान होईल. कारण या नाटकातील प्रत्येक प्रमुख पात्रापुढे एकच प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या मंडळीतील प्रत्येकापुढेही उभा आहे : माझे पाप मी माझ्या पदरी घेतो की दुसऱ्याच्या माथी मारतो?

इतिहास आणि नाटक

नाटकाचे कथानक खऱ्या घटनांवर आधारलेले आहे. १६९२ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम गावात काही मुलींना विचित्र झटके येऊ लागले. मुलींवर चेटूक झाले आहे असे ठरले आणि चेटकिणींचा शोध सुरू झाला. चेटकिणीला देहान्त शासन सांगणारे निर्गमातील वचन (२२:१८) वसाहतीच्या १६४१ च्या कायद्यात संदर्भासह घातलेले होते. जून ते सप्टेंबर १६९२ या काळात १९ जणांना फाशी देण्यात आली. त्यांत १४ स्त्रिया व ५ पुरुष होते. जाइल्स कोरी नावाच्या वृद्धाने आरोपाला उत्तर देण्याचे नाकारले, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचण्यात आले व त्याखाली त्याचा प्राण गेला. आणखी काही माणसे तुरुंगात मरण पावली.

या खटल्यांत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ‘छायारूप पुरावा’. आरोपीची छाया येऊन मला छळते असे फिर्यादीने म्हटले की ते ग्राह्य धरले जाई, मग ती छाया इतर कोणाला दिसो वा न दिसो. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी हा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक अशा पुराव्यापुढे निरर्थक ठरला. दुसरी गोष्ट अधिक भयंकर होती. ज्यांनी ‘होय, मी चेटूक केले’ अशी कबुली दिली त्यांचा जीव वाचला. ज्यांनी सत्याला धरून ती नाकारली ते फासावर गेले.

मिलर यांनी इतिहासात काही बदल केले आहेत, ते माहीत असावेत. खरी ॲबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची होती आणि खरा जॉन प्रॉक्टर सुमारे ६० वर्षांचा. नाटकात ती १७ वर्षांची व तो पस्तिशीतला आहे, आणि त्या दोघांमधील व्यभिचाराचा संबंध ही नाटककाराची कल्पना आहे. तसेच प्रत्यक्षातील थॉमस डॅनफर्थ हा फाशीची शिक्षा देणाऱ्या त्या खास न्यायालयाचा सदस्य नव्हता. तेव्हा पुढील विवेचन नाटकातील पात्रांचे आहे, त्या नावाच्या खऱ्या माणसांचा तो न्यायनिवाडा नव्हे.

‘कबुली’ या शब्दाविषयी थोडेसे

भाषांतराच्या कामात नव्या करारातील एक ग्रीक क्रियापद वारंवार समोर येते : ‘होमोलोगेओ’. त्याचा मूळ अर्थ ‘तेच बोलणे’, म्हणजे जे आहे त्याच्याशी आपल्या शब्दांचा मेळ घालणे. आपल्या मराठी शास्त्रात हे एकच क्रियापद निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या शब्दांनी उतरले आहे. येशूला प्रभू म्हणून मुखाने ‘कबूल करणे’ (रोम १०:९), माणसांसमोर त्याला ‘पत्करणे’ (मत्तय १०:३२) आणि आपली पापे ‘पदरी घेणे’ (१ योहान १:९). यांतील शेवटचा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. ‘कबूल करणे’ ओठांनी होऊ शकते. दडपणाखाली, मारहाणीच्या भीतीनेही होऊ शकते. ‘पदरी घेणे’ मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते. पदर आपला असतो आणि ओझेही आपलेच असते.

सेलमचे न्यायालय ‘कबुली’ मागत होते. देवाला हवे असते ते ‘पदरी घेणे’. या दोहोंतील अंतर लक्षात ठेवून आपण आता पात्रांकडे वळू.

ॲबिगेल : दुसऱ्याच्या माथी

ॲबिगेल ही पाळक पॅरिस याची अनाथ भाची. तिच्या आईवडिलांची हत्या तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. प्रॉक्टरच्या घरी ती कामाला होती. तेथे घरधन्याशी तिचा अनैतिक संबंध आला आणि हे ध्यानात येताच एलिझाबेथने तिला घालवून दिले. पुढे रात्री रानात टिट्यूबा या गुलाम स्त्रीच्या सोबतीने मुली नाचल्या, आणि प्रॉक्टरची बायको मरावी म्हणून ॲबिगेलने रक्त प्राशन केले. हे उघडकीस आले तर फटके बसणार हे तिला ठाऊक होते.

पहिल्या अंकाच्या शेवटी भेदरलेली टिट्यूबा मरणाच्या धाकाने ‘कबुली’ देते, दोन स्त्रियांची नावे घेते आणि तत्काळ तिच्याशी सर्वजण मायेने बोलू लागतात. ॲबिगेल हे पाहते व क्षणात सर्व काही शिकते. नाव घेतले की शिक्षा टळते, एवढेच नव्हे तर मान मिळतो. तीही उठून देवाच्या प्रकाशाची भाषा बोलू लागते आणि नावांची रीघ लागते.

प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांचे अपराध उच्चारीत असे (लेवीय १६:२१). आधी उच्चार, मग ओझे दूर जाणे, असा तो क्रम होता. ॲबिगेलने उच्चार गाळला आणि बकरा तेवढा ठेवला. तिच्याकडे केवळ ‘दुष्ट मुलगी’ म्हणून पाहू नये. एदेन बागेत आदामाने बोट दाखविले तेव्हापासून ही रीत माणसाच्या अंगवळणी पडली आहे. न्यायालयाने तिला एवढेच शिकविले की या रीतीला धर्माचे वस्त्र नेसविता येते.

पॅरिस : पाप झाकणारा पाळक

रेव्हरंड पॅरिस याची मुलगी निपचित पडलेली असताना त्याची पहिली चिंता ही असते की लोक काय म्हणतील आणि माझे पद राहील काय. रानात मुली नाचताना त्याने स्वतः पाहिले आहे. पण सुरुवातीला तो ते लपवितो. जळणाचे लाकूड आपल्या मानधनात धरू नये यासाठी तो मंडळीशी वाद घालतो आणि वेदीवर सोन्याच्या दीपदान्या असाव्यात म्हणून उपदेश करतो. शेवटच्या अंकात तो फाशी पुढे ढकलण्याची विनंती करतो खरी, पण पश्चात्तापाने नव्हे. त्याच्या दारात कोणी खंजीर ठेवला म्हणून. भाची त्याचेच पैसे घेऊन पळालेली असते. पाळकीय सेवेत असलेल्या आपणा सर्वांना हे पात्र आरशासारखे वापरता येईल. नावलौकिक सांभाळण्यासाठी सत्य झाकले, तर मंडळीला त्याची किंमत कोणाच्या तरी प्राणाने द्यावी लागते.

डॅनफर्थ : चूक मान्य न करणारा न्याय

उपराज्यपाल डॅनफर्थ लाचखाऊ नाही, मूर्खही नाही. तो पुरावे ऐकून घेतो, प्रश्न विचारतो, आपल्या कामाला गांभीर्याने घेतो. म्हणूनच तो अधिक भयावह आहे. त्याचे म्हणणे असे की माणूस एकतर न्यायालयाच्या बाजूचा असतो किंवा विरुद्ध. मधला मार्ग नाही. आरोपी स्त्रियांच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या कागदावर ९१ शेतकऱ्यांनी सह्या केलेल्या असतात. डॅनफर्थ त्या सर्वांना चौकशीसाठी बोलाविण्याचा हुकूम देतो. निर्दोषाच्या बाजूने बोलणे हाच गुन्हा ठरतो.

त्याची खरी कसोटी शेवटच्या अंकात लागते. खटल्यात खोट आहे हे आता दिसू लागले आहे. तरी तो माफी देत नाही. कारण बाराजण आधीच फासावर गेलेले आहेत. आता उरलेल्यांना सोडले तर त्या बाराजणांचे काय? पहिली चूक पदरी घ्यावयाची नाही, म्हणून तो दुसरी करतो. सत्तेच्या आसनावर बसलेल्या माणसाचे हे पाप शासनात दिसते तसे मंडळीच्या पंचकमिटीतही दिसू शकते.

हेल : पश्चात्ताप झालेला, पण वाट चुकलेला

रेव्हरंड जॉन हेल हा बेव्हर्ली गावचा विद्वान पाळक. पहिल्या अंकात तो जाडजूड ग्रंथांचा भार घेऊन येतो. सैतानाच्या सर्व खुणा या ग्रंथांत नमूद आहेत अशी त्याची खात्री आहे. त्याचा हेतू शुद्ध आहे. उणीव आहे ती विनयाची. रिबेका नर्ससारखी वयोवृद्ध, देवभीरू स्त्री ‘मुले आहेत, शांत होतील’ अशा आशयाचे शहाणपण सांगते, पण ग्रंथांच्या भाराखाली तो आवाज दबून जातो. पुढे रिबेकाच्या मृत्युदंडाच्या हुकमावर हेलच सही करतो आणि त्याचा हात कापू लागतो. तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो न्यायालयाचा निषेध करून बाहेर पडतो.

येथे हेलने आपला दोष ओळखला हे खरे. आपल्या हातांना रक्त लागले आहे हे तो जाणतो. पण मग तो तुरुंगात जाऊन निर्दोष कैद्यांना विनवितो की खोटी कबुली द्या आणि जगा. प्राण ही देवाची सर्वांत मोठी देणगी आहे, कोणत्याही तत्त्वासाठी ती गमावू नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. या सल्ल्यामागे खरी करुणा आहे, हे नाकारता येत नाही. परंतु आपल्या अपराधाचे ओझे हलके करण्यासाठी तो दुसऱ्यांना खोटे बोलावयास सांगत आहे, हेही तितकेच खरे. त्याचा पश्चात्ताप खरा असूनही तो इतरांच्या विवेकावर नवे ओझे टाकतो. समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकाने या पात्राचा शांतपणे विचार करावा.

एलिझाबेथ : सत्यनिष्ठा आणि क्षमा

दुसऱ्या अंकाच्या आरंभी प्रॉक्टर शेतावरून उशिरा घरी येतो. पत्नी आत असताना तो चुलीवरील भांड्यातील रस्सा चाखून पाहतो आणि गुपचूप त्यात मीठ घालतो. मग जेवताना ‘छान चव आहे’ अशी तिची प्रशंसा करतो. केवढा लहान प्रसंग, पण त्या घराची अवस्था त्यातून कळते. दोघेही एकमेकांना जपत आहेत आणि दोघांमध्ये मोकळेपणा उरलेला नाही. ती खोटे कधी बोलत नाही, पण तिने क्षमाही केलेली नाही. घरात रोज न्यायालय भरते अशी प्रॉक्टरची तक्रार आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही.

याच अंकात हेल प्रॉक्टरला दहा आज्ञा म्हणावयास सांगतो. तो नऊ आठवून म्हणतो आणि एकीपाशी अडतो. एलिझाबेथ हळूच त्याला आठवण देते. ती आज्ञा व्यभिचाराची असते.

तिसऱ्या अंकात तिच्यावर कठोर प्रसंग येतो. प्रॉक्टरने न्यायालयात आपला व्यभिचार उघड केला आहे आणि माझी पत्नी कधी खोटे बोलत नाही असे शपथेवर सांगितले आहे. एलिझाबेथला हे ठाऊक नाही. तिला विचारतात : तुझा नवरा व्यभिचारी आहे काय? ती क्षणभर घुटमळते आणि नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी ‘नाही’ म्हणते. सत्यवादी स्त्रीचे ते एक असत्य तिच्या नवऱ्याच्या शब्दाला खोटे ठरविते. प्रीतीने केलेले असत्यही शेवटी असत्याच्याच पदरात पडते, हे नाटककाराने येथे किती सहज दाखविले आहे!

पण तिचे मोठेपण शेवटच्या भेटीत प्रकट होते. तुरुंगात ती नवऱ्याला ‘हे कर’ किंवा ‘ते करू नको’ असे सांगत नाही. आपले घर थंड होते, आपण प्रीती दाखविण्यात कमी पडलो, हा स्वतःचा वाटा ती पदरी घेते. त्याच्या व्यभिचाराचा दोष तो त्याचाच आहे. तिने तो आपल्यावर ओढून घ्यावा असे शास्त्र सांगत नाही. परंतु जो वाटा तिचा होता तो तिने मान्य केला, आणि त्यामुळे अनेक महिने भरलेले घरातील न्यायालय उठले.

जॉन प्रॉक्टर : खरी कबुली आणि खोटी कबुली

प्रॉक्टर हा सरळ, तापट, कष्टाळू शेतकरी. पॅरिसच्या वागण्याला विटून तो उपासनेला फारसा जात नाही. आपण पापी आहोत या जाणिवेने तो आतून पोखरला गेला आहे. ॲबिगेलचे ढोंग तो आरंभापासून जाणतो, परंतु ते सांगावयाचे तर आपले पापही सांगावे लागेल म्हणून तो वेळ घालवितो. त्या विलंबात त्याची पत्नी पकडली जाते. गुप्त पापामुळे माणसाची जीभ कशी बांधली जाते, याचे हे अचूक चित्र आहे.

अखेर तो भर न्यायालयात आपले पाप सांगतो. ही नाटकातील सर्वांत खरी कबुली आहे. तिने त्याचे नाव मातीस मिळते. आणि न्यायालय तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. चौथ्या अंकात तेच न्यायालय त्याच्याकडून न केलेल्या पापाची कबुली मागते, आणि ती मात्र आनंदाने लिहून घेते! खरी कबुली नाकारली गेली, खोटी स्वीकारली गेली. सबंध नाटकाचा गाभा या विसंगतीत आहे.

जगण्यासाठी तो खोटी कबुली देण्यास का तयार होतो? त्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. रिबेकासारखे लोक संत आहेत, त्यांनी सत्यासाठी मरावे. माझ्यासारख्या पाप्याने हौतात्म्याचा आव आणणे हेच ढोंग होईल, असे त्याला वाटते. बंधुभगिनींनो, हा मोह आपल्या ओळखीचा नाही काय? ‘मी कोण मोठा पवित्र लागून गेलो की सत्याची बाजू घेऊ?’ असे म्हणून आपण किती वेळा गप्प बसलो आहोत! ही नम्रता दिसते, पण ती नम्रता नव्हे. पाप्यालाही सत्य बोलण्याची आज्ञा आहे.

तो सही करतो. पण दोन गोष्टी त्याच्याने होत नाहीत. रिबेकाला सैतानासोबत पाहिले असे म्हणण्यास तो नकार देतो. स्वतःच्या पापाविषयी बोलेन, दुसऱ्याचा न्याय करणार नाही, अशी त्याची भूमिका आहे. आणि सही केलेला कागद मंडळीच्या दारावर लावण्यासाठी तो देत नाही. आपल्या मुलांनी कोणते नाव घेऊन चालावे आणि मरणाऱ्या सोबत्यांचे सत्य आपल्या सहीने खोटे कसे पाडावे, हा त्याच्यापुढील पेच असतो. तो कागद फाडतो आणि रिबेकासोबत वधस्तंभाकडे जातो. हेल एलिझाबेथला विनवितो की जा, त्याचे मन वळव. ती जात नाही. त्याचा चांगुलपणा त्याला आता गवसला आहे, तो ती हिरावून घेणार नाही.

नाटकाचे मोल आणि मर्यादा

मिलर यांनी हे नाटक लिहिले तेव्हा अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या संशयावरून लोकांना संसदीय समितीपुढे बोलावून इतरांची नावे विचारली जात होती. जून १९५६ मध्ये स्वतः मिलर यांच्यावर तीच पाळी आली. ते स्वतःविषयी बोलले, पण दुसऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. १९५७ साली ते दोषी ठरले आणि १९५८ साली अपिलात सुटले. आपल्या पात्राच्या तोंडी तीन वर्षांपूर्वी जे घातले ते त्यांनी स्वतः आचरिले.

असे असले तरी हे नाटक सुवार्ता नव्हे. प्रॉक्टर आपल्या नावासाठी मरतो. कृपेचा उच्चार येथे फार क्षीण आहे. पापांची क्षमा करणारा विश्वसनीय व न्यायी आहे, ही योहानाची ग्वाही प्रॉक्टरला कोणी दिलीच नाही. ती देणे पॅरिसचे काम होते, हेलचे काम होते. मंडळीपाशी ती ग्वाही असताना तिने चौकशी आरंभिली, हाच या नाटकाचा आपल्यावरील खरा आरोप आहे.

आणि इतिहासात एक उत्तर आहे, जे नाटकात नाही. सेलमच्या न्यायाधीशांपैकी एक सॅम्युएल स्यूअल १४ जानेवारी १६९७ रोजी, उपासाच्या दिवशी, बोस्टनच्या मंडळीत भर उपासनेत उभा राहिला. पाळकाने त्याची चिठ्ठी वाचून दाखविली. त्या खटल्यांचा दोष आणि त्याची लाज आपल्याकडे घेत असल्याचे त्याने तीत लिहिले होते. १७०६ साली फिर्यादी मुलींपैकी ॲन पटनम हिनेही गावच्या मंडळीपुढे आपला अपराध मान्य केला. मेलेली माणसे त्यामुळे परत आली नाहीत. परंतु डॅनफर्थ नावाच्या पात्राला जे जमले नाही ते एका खऱ्या न्यायाधीशाला जमले. त्याने कोणाचे नाव घेतले नाही. आपले पाप आपल्या पदरी घेतले.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. ‘कबूल करणे’ आणि ‘पदरी घेणे’ यांत आपल्या अनुभवात कोणता फरक जाणवतो?

२. हेलने कैद्यांना दिलेल्या सल्ल्याशी आपण सहमत आहात काय? अनुवाद १९:१५-२० च्या प्रकाशात उत्तर द्या.

३. एलिझाबेथने स्वतःकडे घेतलेला दोष कोठवर योग्य आहे? दुसऱ्याचे पाप स्वतःवर ओढून घेणे आणि आपला वाटा मान्य करणे यांतील सीमा कशी ओळखावी?

४. आपल्या मंडळीत एखाद्यावर आरोप झाला तर त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला आपण कसे वागवितो?

५. स्वतःच्या अपात्रतेचे कारण सांगून आपण कोणत्या बाबतीत सत्य बोलण्याचे टाळीत आहोत?